थंड चालणारं इंजिन: पसरणी घाटातलं एक प्रकरण

गाडी पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटरची, लाखाच्या आसपास किलोमीटर पळालेली. मालकीण पाचगणीच्या एका शाळेत शिक्षिका, राहायला वाईला. म्हणजे रोज सकाळी पसरणी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. डिसेंबर सरता सरता गाडी आमच्याकडे आली तेव्हा मॅडमनी तक्रारी कागदावर लिहूनच आणल्या होत्या. टेम्परेचरचा काटा पूर्वी मधोमध उभा राहायचा, तो आता खालच्या रेघेच्या जरासा वर रेंगाळतो. हीटर लावला तर कोमट हवा येते. अ‍ॅव्हरेज सोळा-सतराचं तेरावर आलंय. चेक इंजिनचा पिवळा दिवा चार दिवस लागतो, मग आपोआप विझतो.

कागदावर नसलेल्या दोन गोष्टी बोलता बोलता कळल्या. एका गॅरेजमध्ये कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान मोजणारा सेन्सर बदलून झाला होता, फरक शून्य. दुसऱ्या ठिकाणी ऑइलचं झाकण उघडून खालची पांढरट-पिवळी साय दाखवली आणि "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल" असं सांगून चांगला मोठा आकडा ऐकवला होता. (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, हेड गॅस्केट म्हणजे त्याच्या खालचं सील.) त्या आकड्यानेच मॅडम आमच्या दारात आल्या.

तापलेली गाडी टोचन लावून येते, थंड चालणारी गाडी चालत राहते. म्हणून ती गॅरेजला येतच नाही किंवा फार उशिरा येते. नुकसान मात्र होत असतं. इंजिन थंड आहे तोवर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जास्त पेट्रोल सोडतो, कारण थंड भिंतींवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच. एरवी ते वाफ होऊन निघून जातं, थंड इंजिनात ते आतच साचून ऑइलमध्ये फेसाळतं. झाकणाखालची साय ती हीच. जोडीला गार म्हणून जाड राहिलेलं ऑइल आणि वाढलेली आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग. तेरा-चौदाचं अ‍ॅव्हरेज यातूनच येतं.

कुठलीही चाचणी करण्याआधी रात्रभर थंड झालेल्या गाडीत कूलंटची पातळी बघायची. काटा खाली आहे म्हणजे इंजिन थंडच आहे असं नाही. पाणी कमी झालं किंवा एअर लॉक झाला, म्हणजे आत हवा अडकली, तर सेन्सरचं टोक पाण्याऐवजी हवेत लोंबकळतं. मग हेड भाजून निघत असतं आणि काटा निवांत खाली. अशा गाडीला "थंड चालते" समजून घाटात नेलं तर हेड वाकडं होऊनच परत येते. या गाडीत बाटलीतली पातळी बरोबर होती, रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंडापर्यंत भरलेला. फक्त आत कूलंटचा हिरवा किंवा गुलाबी रंग नव्हता. गढूळ, तांबूस पाणी होतं. बोअरचं पाणी वरून ओतत गेलं की असं दिसतं. ते मनात नोंदवून ठेवलं.

आता मूळ प्रश्न एकच उरतो: इंजिन खरंच थंड आहे, की गाडीला तसं वाटतंय? थंड इंजिनाच्या जेवढ्या तक्रारी चुकीच्या रस्त्याला लागलेल्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. थेट पार्ट बदलायला सुरुवात. सेन्सर स्वस्त आणि हाताशी असतो, म्हणून पहिला बळी त्याचा.

याचं उत्तर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत फुकट मिळतं. सकाळी चावी फक्त ऑन करायची, स्टार्ट नाही, आणि स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूतली माहिती दाखवणाऱ्या यंत्रावर, दोन आकडे वाचायचे: कूलंटचं तापमान आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभरात सगळं लोखंड-अ‍ॅल्युमिनियम भोवतालच्या हवेइतकं गार झालेलं असतं, तेव्हा दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. इथे कूलंट १६, हवा १७. लांबून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड गनने वरच्या होजच्या, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाईपच्या, रबरावर मोजलं, १६. म्हणजे थंडीत तरी सेन्सर खरं बोलतोय. वायर तुटलेली असती तर स्कॅनरवर उणे ४० दिसलं असतं, आणि बऱ्याच गाड्यांत ईसीयू घाबरून रेडिएटरचा फॅन कायमचा चालू ठेवतो. इथे तसलं काही नव्हतं. इन्फ्रारेड गनबद्दल एक सांगतो: चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती कमी आकडा दाखवते. रबरावर धरा, किंवा धातूवर काळी टेप चिकटवून टेपवर धरा.

गाडीतून काढलेला जुना सेन्सर मॅडमनी डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवला होता. शिक्षकी स्वभाव. त्यालाही मल्टिमीटर लावला. हा सेन्सर उलटा वागतो, तापला की रेझिस्टन्स उतरतो. २० अंशाला २.४ किलोओहम आणि ८० अंशाच्या पाण्यात ०.३ किलोओहम भरला, म्हणजे ठणठणीत. निरोगी पार्ट काढून निरोगी पार्ट बसवला होता.

ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा कोड होता पी०१२८. इंजिन सुरू झाल्यावर बाहेरची हवा, भार आणि वेळ यांवरून ईसीयू मनातल्या मनात हिशेब करतो की आत्तापर्यंत कूलंट अमुक इतका तापायला हवा. तेवढा तापला नाही तर हा कोड. "थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावरच त्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदला" असा त्याचा अर्थ नाही, "अपेक्षेइतकं तापलं नाही" एवढाच. कोड पडला त्या क्षणाची नोंद ईसीयूत असते, ती वाचली: कूलंट ५७, वेग ३४, इंजिन सुरू होऊन १४ मिनिटं, भार अगदी नाममात्र. मॅडमना विचारलं, "संध्याकाळी उतरताना का?" त्या म्हणाल्या, "हो, दिवा बहुतेक परत येतानाच लागतो."

ते जुळत होतं. शाळेच्या आवारात दिवसभर उभी राहून गार झालेली गाडी सुरू होते आणि लगेच उताराला लागते. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये गाडी सोडली की आजकालची इंजिनं पेट्रोल पूर्ण बंद करतात. पेट्रोल नाही तर उष्णता नाही. उलट सकाळी वाईहून निघाल्यावर घाटाचा चढ, दुसरा-तिसरा गिअर, भरपूर भार. सकाळी ईसीयूची ही चाचणी पास, संध्याकाळी नापास. दिवा लागायला सहसा लागोपाठ दोन वेळा नापास व्हावं लागतं, आणि सलग तीन वेळा पास झालं की तो आपोआप विझतो. जेव्हा गारठा वाढायचा तेव्हा सकाळचीही चाचणी नापास व्हायची आणि दिवा लागायचा. दिव्याच्या लहरीपणाचं कारण एवढंच.

पण इथेच एक पेच आहे. अशा रोजच्या प्रवासात निरोगी गाडीही हळूच तापेल. मग हा बिघाड म्हणायचा की रस्त्याचा दोष? त्यासाठी गाडी घाटात न्यायलाच हवी होती. घाट म्हणजे आमच्याकडचं फुकटचं टेस्ट बेंच. वाई साधारण सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. चढताना इंजिनाला पूर्ण भार, उतरताना शून्य.

स्कॅनर लावून निघालो. पसरणी गाव मागे टाकलं तेव्हा कूलंट ६१. चढाच्या मध्यावर ७४. वर पोचेपर्यंत ८०, आणि त्यावर काही केल्या जाईना. पाचगणीत गाडी वळवली, लगेच उतरायला सुरुवात. निरोगी थर्मोस्टॅट उतारावर बंद होतो, गरम पाणी इंजिनातच फिरवत ठेवतो आणि तापमान रेंगाळत थोडंच उतरतं. इथे आकडा डोळ्यांदेखत घसरत होता. ७६, ७०, ६३. खाली गावाशी ५२. तिथेच बाजूला घेऊन होजवर गन धरली: ५०. सेन्सर गरम इंजिनातही खरं बोलत होता. काटा खोटा असता किंवा सेन्सर बिघडला असता तर आकडा चढ-उताराशी असा इमानदारीने बांधलेला राहिला नसता. इंजिन खरोखरच थंड चालत होतं, आणि भार कमी होताच रेडिएटर त्याची सगळी उष्णता हवेत उधळत होता.

काट्याबद्दलही इथेच सांगून टाकतो. बहुतेक आधुनिक गाड्यांत काटा मुद्दाम आळशी केलेला असतो. साधारण ७५ ते १०५ या पट्ट्यात तो मधोमध खिळलेला राहतो, नाहीतर प्रत्येक सिग्नलला लोक गॅरेजला फोन करतील. म्हणून काटा मधली जागा सोडून खाली आलाय असं दिसलं, तर तापमान "थोडंसं" नाही, बरंच खाली आहे समजायचं. ज्या गाड्यांत काटा नसून निळा दिवा असतो, तिथे तो दिवा विझायला फार वेळ लागतो किंवा उतारावर परत लागतो, हीच खूण.

इंजिन खरंच थंड असेल तर संशयित मोजके. फॅन कायम चालू राहणं, म्हणजे रिले चिकटला असेल किंवा कुणी फॅन डायरेक्ट जोडून दिला असेल. थर्मोस्टॅट उघडा अडकणं. चुकीच्या तापमानाचा थर्मोस्टॅट बसवलेला असणं. किंवा थर्मोस्टॅटच नसणं. फॅन चालू नव्हता हे बॉनेट उघडताच दिसलं. त्यामुळे पुढची चाचणी हातानेच. या इंजिनात थर्मोस्टॅट वरच्या होजच्या तोंडाशी आहे. थंड इंजिन सुरू करून वरच्या होजवर तळवा ठेवला. निरोगी गाडीत हा पाईप बराच वेळ गारच राहतो, आणि थर्मोस्टॅट उघडला की मिनिटाभरात हात ठेववत नाही इतका तापतो. इथे इंजिन जसजसं कोमट होत गेलं तसा पाईपही सोबतीने कोमट होत गेला, पहिल्या मिनिटापासून. (काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला असतो. तिथे वरचा पाईप लवकर तापणारच, खालचा चाचपायचा.)

थर्मोस्टॅटच्या घराचे (हाऊसिंगचे) दोन बोल्ट, दहा नंबरचा पाना. झाकण वर आलं आणि गॅरेजमधला आमचा पोरगा म्हणाला, "आत काहीच नाही." खरंच नव्हतं. जिथे थर्मोस्टॅटची चकती बसायची ती खाच मोकळी, रबरी रिंगही गायब, तिच्या जागी करड्या सिलिकॉनचा ओबडधोबड थर. सिलिकॉनचे दोन-तीन तुकडे सुटून आत गेल्याच्या खुणा होत्या.

मॅडमना फोन केला. "मागच्या उन्हाळ्यात गाडी कधी तापली होती का?" त्यांना आठवलं. मे महिन्यातला रविवार, पर्यटकांची रांग, घाटात गाडी थांबत थांबत वर सरकत होती आणि काटा लाल रेघेला टेकला. जवळच्या एका गॅरेजवाल्याने तासाभरात "वॉल्व्ह जाम होता, काढून टाकला, आता कधी तापणार नाही" असं सांगून गाडी दिली. आणि खरंच नंतर तापली नाही. त्यांचं समाधान, त्याचे पैसे, प्रकरण मिटलं.

आपल्याकडे हा उपाय इतका रूढ आहे की कित्येकांना थर्मोस्टॅट म्हणजे थंड देशातल्या लोकांची चैन वाटते. ते तसं नाही. थर्मोस्टॅट इंजिनाला गार ठेवत नाही की गरमही करत नाही, ठरलेल्या तापमानाला धरून ठेवतो. पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये जातो. तो कधी रेडिएटरकडे सोडायचा आणि कधी आतच फिरवायचा, हे काम पितळी डबीतलं मेण करतं. मेण वितळलं की फुगतं, दांडी ढकलतं, झडप उघडते. वीज नाही, वायर नाही. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागे दुसरी छोटी चकती असते. मुख्य वाट उघडली की ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढून टाकला तर बायपास कायमचा उघडा राहतो आणि काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तापलेलंच इंजिनात परत येतं. म्हणजे हिवाळ्यात इंजिन थंड, आणि खरोखर जोर लागेल तेव्हा रेडिएटर अर्धाच कामाला.

नवा थर्मोस्टॅट आणला, कंपनीच्या आकड्याचा, ८२. बसवण्याआधी पातेल्यात तपासला. ही चाचणी दहा मिनिटांची आहे आणि नव्या पार्टवरही करावी, डुप्लिकेट माल कमी नाही बाजारात. झडप बोटांनी जरा उघडून तिच्या फटीत दोऱ्याचं टोक अडकवायचं आणि त्या दोऱ्यालाच थर्मोस्टॅट टांगून पाण्यात सोडायचा. खाली शेगडी, शेजारी थर्मामीटर, दोघेही भांड्याच्या तळाला न टेकलेले. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टुपकन खाली बसतो. आमचा ८३ ला पडला. मग पाणी उकळेपर्यंत ठेवून उघडझाप मोजली, आठ मिलिमीटरच्या आसपास. इथे उंचीचं भान ठेवायचं: वाईला पाणी साधारण ९७-९८ ला उकळतं, पाचगणीला ९५-९६ ला. ज्या थर्मोस्टॅटची पूर्ण उघडझाप १०० अंशाला लिहिलेली आहे तो उघड्या पातेल्यात पूर्ण उघडणार नाही, आणि म्हणून तो खराब ठरत नाही.

जुनं सिलिकॉन खरवडून काढलं. पाणी स्वच्छ येईपर्यंत सिस्टिम धुतली. नवी रिंग, थर्मोस्टॅटची छोटी जिगल पिन वरच्या बाजूला, कारण तिच्यातूनच अडकलेली हवा निघते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो," असं ऐकायला मिळतं. कूलंट गोठू नये म्हणून नाही, गंज आणि क्षार धरू नयेत म्हणून घालायचा. गाडीचं नाक उतरंडीवर वर करून, हीटर पूर्ण उघडा ठेवून हवा काढली.

सुरू केल्यावर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. ८३-८४ पर्यंत वरचा पाईप गार, मग झपकन गरम. आयडल १०५० वरून ७५० ला स्थिर. बहुतेक जण इथे बिल फाडतात. पण मे महिन्यात गाडी का तापली होती, याचं उत्तर अजून कुठे मिळालं होतं? वॉल्व्ह जाम होता असं म्हणणाऱ्याचा तो वॉल्व्ह कुणी पाहिला नव्हता. म्हणून गाडी अंगणात आयडलवर उभी ठेवली आणि स्कॅनरकडे बघत बसलो. ८८. ९२. ९५. रिलेचा टिक आवाज आला. फॅन शांत. ९८. १०१. फॅन शांतच.

लगेच इंजिन बंद केलं, जरा थांबून फॅनचं कनेक्टर सोडलं आणि टेस्ट लॅम्प लावून पुन्हा तापवलं. मल्टिमीटरपेक्षा लॅम्प इथे बरा, तो करंट ओढतो, त्यामुळे कुजलेल्या वायरचं ढोंग उघडं पडतं. लॅम्प लख्ख पेटला, म्हणजे सप्लाय आणि अर्थिंग दोन्ही ठीक. कनेक्टर परत जोडून पोराने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फॅनच्या मोटरवर हलकेच ठोकलं आणि फॅन भर्रकन फिरायला लागला. मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश झिजलेले. कधी टेकतात, कधी नाही.

मॅडमना पुन्हा फोन. "उन्हाळ्यात एसी कसा चालायचा?" उत्तर: "चालत्या गाडीत मस्त. साताऱ्यात सिग्नलला थांबलं की हवा गरम व्हायची. गॅस भरून घेणार होते." एसी लावला की तोच फॅन कंडेन्सर, म्हणजे एसीची समोरची जाळी, गार करतो. गाडी धावत असताना समोरून वारा लागतो, थांबली की फॅनवरच सगळी भिस्त. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच मोटर होती. थर्मोस्टॅट काढल्यावर थंड हवेत इंजिन फॅन लागायच्या तापमानापर्यंत पोचायचंच नाही. हिवाळ्यात एसीही बंद. त्यामुळे मेलेला फॅन महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात आला नाही. आणि आम्ही नुसता थर्मोस्टॅट बसवून गाडी दिली असती, तर पुढच्या गर्दीच्या रविवारी ती घाटात पुन्हा तापली असती, आणि थर्मोस्टॅट पुन्हा कचऱ्यात.

फॅनची मोटर बदलली. रेडिएटरच्या जाळीवर गन फिरवून पाहिली, कुठे गार डाग नव्हता, म्हणजे आतून चोंदलेला नाही. रेडिएटरचं झाकण, म्हणजे प्रेशर कॅपही तपासली, बरी होती.

राहिलं ते हेड गॅस्केट. साय दिसली की हेड उतरवा म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी बघावं: कूलंट कमी होतंय का, इंजिन सुरू केल्याबरोबर रेडिएटरच्या तोंडाशी सारखे बुडबुडे येतात का, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का, एखादाच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ आहे का. या गाडीत चारही उत्तरं नाही. साय फक्त झाकणाखाली, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल नेहमीच्या रंगाचं, पण पातळी वरच्या खुणेच्याही जरा वर आणि वासाला पेट्रोल. ऑइल आणि फिल्टर बदलले, झाकण पुसून दिलं. काही दिवसांनी मॅडम येऊन गेल्या तेव्हा झाकण कोरडं होतं. टाकी फुल टू फुल मोजून अ‍ॅव्हरेज पंधराच्या वर आलं होतं, कोड परत पडला नव्हता, घाट उतरताना तापमान ८० च्या खाली जात नव्हतं. उभ्या गाडीत फॅन ९६ ला लागून ९१ ला बंद होत होता.

एक काम मात्र अर्धं आहे. हीटर आता गरम हवा देतो, पण मनासारखी नाही; आत जाणारा पाईप चटका देतो आणि बाहेर येणारा बराच गार लागतो. सुटलेले सिलिकॉनचे तुकडे बहुधा हीटर कोअरच्या, म्हणजे डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरच्या, बारीक नळ्यांत अडकलेत. उलट दिशेने पाणी सोडून दोन तुकडे निघाले, बाकीचे अजून आत असावेत. त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागेल. मजुरीचा आकडा ऐकून मॅडम म्हणाल्या, "दादा, स्वेटर घालेन." ते उन्हाळ्याच्या सुट्टीवर ढकललंय.